आवडीची भाजी

तेराव्याला अप्पांच्या फोटोसमोर त्यांच्या आवडीचं पान मांडताना कुमुदताईंनी सगळ्यात आधी शेपूची भाजी वाढली. अप्पांचं आयुष्य ऑफिस, मुलींच्या क्लासबाहेरचा कट्टा आणि घर एवढ्यातच गेलं. हौस म्हणाल तर शेपू. कुमुदताईंना त्याचा वास सहन होत नसे, तरी संसारभर दर आठवड्याला जुडी निवडत आल्या.

धाकट्या नणंदबाई पानाकडे बघून थबकल्या. "अहो वहिनी, शेपू? लहानपणी घरात शेपू शिजला की दादा शेजारी जाऊन जेवायचा!"

"काहीतरीच काय वन्सं! लग्नानंतर मी पहिली भाजी केली ती हीच. दोनदा मागून खाल्ली त्यांनी."

"नवी नवरी पानाशी उभी राहून बघतेय म्हटल्यावर काय करणार बिचारा?"

मुली हसता हसता रडायला लागल्या. कुमुदताईंनी शेपू काढून तिथे जिलबी ठेवली. जिलबी तरी अप्पांना खरंच आवडायची का, हे नणंदेला विचारायचं मात्र त्यांनी टाळलं.

जेवायला बसल्यावर ती शेपूची भाजी त्यांनी आपल्या पानात घेतली. वास काही बदलला नव्हता. संपल्यावर त्यांनी पुन्हा मागितली.