पाय धुण्याचा रविवार

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, यावर पाळकांनी तासभर प्रवचन झोडलं. मग रिवाजाप्रमाणे आम्ही बायका एकमेकींचे पाय धुवायला बसलो. शेवटच्या बाकावर रीवा मोजे काढून बसली होती. तिचा मुलगा नशेच्या गोळ्या विकल्याबद्दल तुरुंगात होता. पाळक म्हणाले, "आधी पोराला टाकलं म्हण, मग पाय पुढे कर." "पोटचं पोर आहे. कसं टाकू?" रीवा म्हणाली. आम्ही माना खाली घातल्या. माझ्या आईचं शेवटचं आजारपण काढलेल्या ऑर्फामावशी कमरेला टॉवेल बांधून उठल्या. "तुमचं चालू द्या, साहेब. मी आपली पाय धुते." गुडघे टेकून त्यांनी रीवाचे पाय धुतले. पुढच्या रविवारी दोघींना मंडळीतून काढायचा ठराव आला. आमच्या केंटकीच्या चर्चमध्ये ठराव मान्य असेल तो हात वर करतो. मावशी वळून माझ्याकडेच बघत होत्या. मी हात वर केला.