काळ्या पट्ट्यांचा अर्ज

"चिकटवलं ना पाकीट? मग लांब ठेव. मला दाखवू नकोस," असं म्हणून मिस्त्रीकाकांनी पाकिटाकडे पाठ फिरवली.

"नियमच आहे तसा. मुलांचं निवेदन केंद्रप्रमुखांनी वाचायचं नाही," घाईबाई म्हणाली. ही सतरा वर्षांची पोरगी प्रत्येक कामात घाई करायची, म्हणून सगळ्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं. "आणि वाचलं असतंत तर निम्मं खोडून टाकलं असतंत."

"इतकं वाईट लिहिलंय?"

ती नुसती हसली.

फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काका सहा वर्षं या जुन्या हॉलमध्ये शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांना सुतारकाम शिकवत होते. आता नगरपालिकेला हॉल गोदामासाठी हवा होता. केंद्राला युवा विकासाची मान्यता मिळाली तरच हॉल राहणार होता, आणि यंदा मान्यता एकाच केंद्राला मिळणार होती. काकांचा अर्ज दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा भरताना ते एवढंच म्हणाले होते, "हात टेकायला मी काही म्हातारा झालो नाही."

जाता जाता घाईबाईने स्वतः बनवलेला टेबलाचा खण पुढे केला. काकांनी तो दोनदा ओढला, दोनदा ढकलला. कुठेही अडला नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. उजव्या कानावरची पेन्सिल डाव्या कानावर ठेवून ते पुढच्या मुलाकडे वळले.

मागे पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. काकांनी लक्ष दिलं नाही. आपले कान जरा मोठे आहेत, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

या मान्यतेची एक रीत होती. अर्ज साहेबलोक तपासत नसत. ज्यांनी अर्ज भरला, त्या केंद्रप्रमुखांनीच एकमेकांचे तपासायचे. प्रत्येकाकडे एका केंद्राच्या मुलांचं निवेदन यायचं. त्यातलं गावाचं, माणसाचं आणि कामाचं नाव काळ्या पट्टीखाली झाकलेलं असायचं.

महिन्याभराने काकांच्या हाती सोळा नंबरचं निवेदन आलं. त्यांनी कार्यालयात फोन लावला.

"बाई, हे कुठल्या केंद्राचं, तेवढं सांगता का?"

"ते आम्हालाही कळत नाही, काका. एका टेबलावर नावं झाकतात, दुसऱ्या टेबलावर चिठ्ठ्या टाकून वाटतात. इतकं चोख काम आहे आमचं."

दुपारी काका वाचायला बसले. आधीच ठरवलं होतं, की सढळ हाताने गुण द्यायचे नाहीत. आपल्याला कुणी दिले होते?

"पहिल्या दिवशी वाटलं, हा माणूस आपल्याला हाकलून देणार," टाईप केलेलं निवेदन सुरू झालं. "पण आमच्यातला शेवटचा येईपर्यंत केंद्रप्रमुख कामाला हात लावत नाहीत. काहीतरी निमित्त काढून वेळ काढतात. त्यांना वाटतं, आम्हाला कळत नाही."

काका ओशाळले. आपल्याला हे कधी सुचलंच नाही. आपण सकाळचा अर्धा तास घालवतो तो पटाश्या आकारानुसार मांडण्यात. त्या मांडून होईस्तोवर सगळी पोरं जमतात, ते वेगळं.

"ते तोंडाने कधी कौतुक करत नाहीत. पण काम मनापासून आवडलं, की त्यांच्या हातून एक गोष्ट होते. ती त्यांची त्यांनाही माहीत नाही. कोणती, ते लिहिणार नाही. त्यांना कळलं तर बंद होईल. आमच्यातल्या काहींना घरात कुणी आजवर बरं म्हटलेलं नाही. आम्ही त्या एका गोष्टीसाठी दिवसभर राबतो."

काकांनी हा भाग पुन्हा वाचला. तोंडाच्या बाबतीत हा गृहस्थ आपल्याच जातकुळीतला दिसतो. काकांची बायको म्हणायची, तुमच्या तोंडून गोड शब्द काढायला पक्कड लागेल. पण या माणसाच्या हातून निदान काहीतरी होतं. आपण काय करतो? घाईबाईचा तो खण लोण्यासारखा सरकत होता, आणि आपण म्हणालो, ठीक आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली.

पेन उचललं तेव्हा समोर हॉल दिसत होता. कामाची बारा टेबलं, भिंतीवर ओळीने टांगलेल्या करवती. सोळा नंबरला पन्नास गुण दिले असते तरी कुणी विचारायला येणार नव्हतं. पण सहा वर्षं काका पोरांना सांगत आले होते, की माप खोटं घेतलं तर सांधा कधी ना कधी उघडतोच.

त्यांनी शंभरपैकी शंभर लिहिले. शेऱ्यात लिहिलं, "या माणसाला एकदा भेटायची इच्छा आहे."

खाली छापलेलं होतं, "या केंद्राशी माझा काहीही संबंध नाही. संबंध आढळल्यास हा अर्ज बाद व्हावा." काकांनी त्याखाली ठसठशीत सही केली.

घाईबाई लाकूड चिकटवायचा सरस मागायला आली होती. याच आठवड्यात आलेल्या एका मुलीला ती सोबत घेऊन सगळं दाखवत होती. काकांचा चेहरा बघून ती दारातच थांबली.

"काका, आपलं होईल ना?"

"अवघड आहे. हे लोक आपल्यापेक्षा सरस निघाले," काका म्हणाले. "नाही झालं तर झाडाखाली टेबलं मांडू. शिकवणं काही थांबत नाही."

त्यांनी सोळा नंबरचं निवेदन नीट घडी करून पाकिटात घातलं, तोंड चिकटवलं, आणि उजव्या कानावरची पेन्सिल काढून डाव्या कानावर ठेवली.

घाईबाईने नव्या मुलीला हळूच कोपर मारलं.

"बघितलंस? पेन्सिल या कानावरून त्या कानावर गेली," ती कुजबुजली. "आम्ही निवेदनात लिहायची टाळली ना, ती गोष्ट हीच."