पालथा फोन

बायकोने तिच्या फोनचा पासवर्ड बदलल्यापासून त्याच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळत होता. त्यांच्या नेहमीच्या दवाखान्याच्या नव्या ॲपची नोंदणी आणि लॉगिन तोच बनवत होता, त्यामुळे सापळा लावणं त्याच्या डाव्या हातचा मळ. काहीही टाकलं तरी ॲप ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणणार, आणि टाकलेले आकडे गुपचूप त्याच्या लॅपटॉपवर दाखवणार. “काल नोंदणी केलीस ना, आता लॉगिन करून बघ,” तो साळसूदपणे म्हणाला. तिने लग्नाची तारीख टाकली. “अरे, घेत नाहीये!” “दुसरं काहीतरी ठेवलं असशील. आठव.” स्वतःचा फोन नेहमीसारखा पालथा ठेवून तो लॅपटॉपकडे डोळे लावून बसला. मग तिने त्या पालथ्या फोनकडे पाहिलं आणि सावकाश सहा आकडे टाकले. लॅपटॉपवर त्याच्याच फोनचा पासवर्ड उमटला, कुणालाही न सांगितलेला. “कमाल आहे,” ती म्हणाली. “हा तर रोज चालतो.”