मोकळ्या जागेत गणपती

स्नेहलला फोटोतून काढायला सार्थकला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. बहिणीच्या कडेकडेने माउस फिरवला, एक बटण दाबलं, संपलं. स्क्रीनवर तिच्या जागी नुसत्या, रिकामी जागा दाखवणाऱ्या करड्या चौकटी उरल्या.

शेजारी आई मेथी निवडत बसली होती. स्नेहल स्वतःच्या मनाने लग्न करून सटाण्याला गेली, तेव्हापासून अण्णांच्या लेखी ती नव्हतीच. इंदिरानगरच्या नव्या घराची वास्तुशांत, दारात घरच्यांच्या फोटोचा फ्लेक्स लागणार. "तिला काढ. मोकळ्या जागेत गणपती टाकायला सांग," अण्णा सकाळीच म्हणाले होते. अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

फ्लेक्सवाल्याला फोटो जेपीजीच हवा होता. सार्थकने स्वतः बनवलेलं वेबपेज उघडलं. फोटो टाकला की त्यातली लायब्ररी, म्हणजे आयता कोड, ब्राउझरमध्येच फॉरमॅट बदलून देते, फोटो बाहेर कुठेही जात नाही, याचा त्याला कोण अभिमान. आज तर ते बरंच होतं. घरातलं घरात राहणार होतं.

बदललेला फोटो समोर आला आणि त्याचा हात माउसवरच थांबला.

जेपीजीत जागा रिकामी ठेवता येत नाही. खाली पांढरा रंग भरायचं तो विसरला होता, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे लायब्ररीने काळं भरलं होतं. आई आणि अण्णांच्या मध्ये स्नेहल उभी होती. डोळे नाहीत, ओठ नाहीत. पण उंची तीच, किंचित कललेली मान तीच. तिचा काळा हात आईच्या खांद्यावर होता.



"चुकलं गं आई. पांढरं करतो, लगेच होईल."

आईने मेथी बाजूला सारली. पुढे वाकून पदराच्या टोकाने स्क्रीनवरची धूळ पुसली, फक्त तेवढ्याच जागेवरची. मग तिचा हात आपसूक स्वतःच्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"झालं का रे?" बाहेरून अण्णांनी विचारलं. "फ्लेक्सवाला खोळंबलाय."

सार्थकने आईकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते.

"राहू दे असंच," ती हळूच म्हणाली. "उभी तरी आहे."