फुटक्या बोटीची गोष्ट

रत्नागिरीच्या बंदरावर पाहुण्यांना पायी फिरवताना श्रीरंग एका फुटक्या बोटीपाशी हटकून थांबायचा. "हिचा तांडेल, म्हणजे कप्तान, दारू पिऊन तर्र होता," आजही तो रंगात येऊन म्हणाला. "समोरचा खडक त्याला देवमासा वाटला!" पाहुणे खो खो हसले.

शेजारी जाळं दुरुस्त करणारी म्हातारी उठून आली.

"दादा, तो माझा नवरा. दारूला कधी शिवला नाही. वादळात सुकाणू तुटलं, तेव्हा चौघा खलाशांना रिकाम्या पिंपांना बांधून त्याने वाचवलं. स्वतःसाठी पिंप उरलं नाही. तुम्ही रोज सांगता, मी रोज ऐकते. पण आज लेक माहेरी आलीय. बापाचं हसं झालेलं तिने ऐकलं."

श्रीरंगला मान वर करवेना. दारू आणि देवमासा त्यानेच रचले होते, हशा पिकावा म्हणून.

"चुकलो, आजी," तो सर्वांदेखत म्हणाला. "मी खोटं सांगत होतो. खरं ते यांना तुम्हीच सांगा."

"तुम्हीच सांगा, दादा. लोक तुमचं ऐकतात."

इतकी वर्षं ही गोष्ट सांगणाऱ्या श्रीरंगला आधी तांडेलाचं नाव विचारावं लागलं.