जशी होती तशी

"पुरे कर ती खुडबुड आणि मार बघू किक," आई म्हणाली. बाबांची खुर्ची तिने अंगणात, मोटरसायकलच्या अगदी समोर आणून ठेवली होती. फोटो काढायचा असावा तसा त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून बसवलं होतं.

मुलगा उगाच कार्बुरेटरचा स्क्रू पिळत बसला होता. स्क्रू केव्हाच बरोबर बसला होता, पण चोराच्या मनात चांदणं.

गाडी बाबांची. टू-स्ट्रोक, त्यांच्या लग्नाआधीची. तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई चहाचं आधण ठेवायची आणि मुलगा गोष्टीचं पुस्तक लपवून गणिताचं उघडायचा. गल्लीत दुचाक्या काय कमी होत्या? पण ही मंद चालताना मध्येच एक ठोका गाळायची, लंगडल्यासारखी, आणि पुन्हा चाल धरायची. किती मेकॅनिक म्हणाले, साहेब, हा दोष काढून देतो. बाबांनी एकालाही हात लावू दिला नाही. "चालते ना? मग तिला तिच्या पायांनी चालू दे."

आता बाबांना आईचं नाव आठवत नव्हतं. मुलाला ते परवापरवापर्यंत 'अरे' म्हणायचे, आता 'अहो' म्हणत. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आईनेच हे डोक्यात घेतलं. "माणसं विसरले असतील, पण तिचा आवाज नाही विसरायचे. तू तिला जशी होती तशी करून दे, बास."

आणि त्याने दिलीही असती. आईची बोलणी खात त्याने जेवणाच्या टेबलावर इंजिन खोललं, एकेक भाग रॉकेलात धुतला, नवा पिस्टन आणला, नव्या रिंगा बसवल्या. तिथेच थांबायचं! पण उघडा सिलिंडर हातात आला आणि हात शिवशिवायला लागले. जळका धूर बाहेर जायला सिलिंडरला एक खिडकी असते. ती वरच्या अंगाने जरा खरवडली की जुनं इंजिनही वाऱ्यासारखं पळतं, असं त्याने व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणाला, जराशीच. घेतली गोल कानस. जराशीची बरीच झाली. मग सायलेन्सरच्या पोटातली नळीही काढून टाकली. तेव्हा बाबा आतल्या खोलीत झोपले होते. त्यांना विचारावं असं एकदा मनात आलं होतं. पण त्यांना आता काय कळतंय, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं, आणि आज त्या म्हणण्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

काल आई दुकानात गेली असताना त्याने गाडी सुरू करून पाहिली. कडाडलीच ती. ठोका न ठोका चोख. लंगडणं गेलं होतं. धावपळ करून त्याने नळी परत बसवली. नळी बसते हो परत, खरवडलेलं लोखंड कुठून आणणार?

"अरे, वाट बघतायत ते!"

त्याने किक मारली. पहिल्याच किकला सुरू. एरवी त्याने उडी मारली असती. इंजिन स्वच्छ, चढ्या आवाजात, एकही ठोका न चुकवता चालत राहिलं.

आईचा चेहरा जरासा उतरला. "वेगळा वाटतोय का रे आवाज?"

"बरेच दिवस बंद होती ना गं. बसेल चालून चालून," तो म्हणाला आणि काहीतरी तपासल्यासारखं करत गाडीमागे वाकला.

बाबा ऐकत होते. पूर्वीसारखेच, मान खाली घालून, एक कान पुढे करून. खुर्चीच्या हातावर त्यांच्या बोटाने ठेका धरला. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि श्वास रोखला. ठोका गळायचा त्या जागी त्यांचं बोट थांबे. इंजिन थांबत नव्हतं. पुन्हा ठेका, पुन्हा बोट थांबलेलं, आणि इंजिन आपलं पुढे. शेवटी त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

"छान आहे हो," परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने ते म्हणाले. "तुमची का?"

त्याने इंजिन बंद केलं. "तुमचीच आहे, बाबा."

"छे हो!" बाबा हसले. "माझी मुलाने नेलीये दुरुस्तीला. जशी होती तशी आणून देईल. माझ्या शब्दाबाहेर नाही तो."

"अगंबाई!" आईला हसावं की रडावं कळेना. "ऐकलंस का रे? आठवतोयस तू त्यांना! मी म्हटलं नव्हतं?"

"हो गं," तो म्हणाला. त्याच्या नखांत कानशीचा काळा कीस अजून तसाच होता. त्याने मुठी मिटल्या.

बाबांनी हात वर करून दोघांना गप्प केलं. लांब, गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी दुचाकी वळत होती. त्यांनी कान पुढे केला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आला बहुतेक."