सावडीचा दिवस

ऊन पत्र्यावर आलं तरी रेश्माच्या अंगणात कोणी आलं नाही. चुलवणावर पाण्याला उकळी फुटली होती, बाजेवर धुतलेलं धोतर अंथरून झालं होतं. पातेल्यात पाच किलो गव्हाचा चीक होता, चार दिवस खपून काढलेला. चीक काही कोणासाठी थांबत नाही. आज कुरडया झाल्या नाहीत तर उद्या तो आंबणार आणि म्हशीच्या घमेल्यात जाणार. बरं, एकटीनं शिजवावा तर तेही होत नाही. एकीनं ओतायचा, दुसरीनं चाटू फिरवायचा, नाहीतर नुसत्या गुठळ्या.

म्हणून तर सावड. सहा घरच्या सहा बायका, रोज एकीच्या अंगणात जमायच्या आणि तिचं वर्षाचं वाळवण उरकून द्यायच्या. चैत्र लागल्यापासून रेश्मा पाचही अंगणं फिरली होती. सोऱ्या दाबून दाबून तळहाताला फोड आले होते. थोरली जाऊ मनकर्णा, तिच्याकडं तर दोन दिवस गेली, कारण तिच्या घरी पर्यटक उतरतात, तिला जास्त लागतं. शेवटचा दिवस रेश्माचा होता.

मनकर्णाला तिनं तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा नुसता वाजला.

तेवढ्यात मागच्या आळीतली केशरबाई येताना दिसली. सावडीतली सगळ्यात वडीलधारी बाई. रेश्माचा जीव भांड्यात पडला.

"या मावशी. बाकीच्या कुठंशीक हायेत?"

"बसत न्हाई गं." केशरबाई फाटकातच थांबली. "तुझा पितळी सोऱ्या दी. मनकर्णानं मागितलाय."

"आज? आक्काच्या कुरडया तर मागंच झाल्या की."

"भंडारदऱ्याला निघाल्यालं पाहुनं थांबल्यात तिच्याकडं. त्यांना आपली सावड दाखवायची हाय. तिचा सोऱ्या स्टीलचा. पितळंचा फोटूत चांगला दिसतो म्हनली."

रेश्माला आधी नीट कळलंच नाही. "आन माझ्या कुरडया?"

"तूच तुझा दिस उद्यावर ढकललास म्हनं. मनकर्णाच म्हनली."

"मावशी, सोमवारी गहू भिजवायच्या आधी तुमीच पाखडू लागल्या ना माझ्यासंगट? भिजल्याला गहू उद्यावर ढकलतंय का कुनी?"

केशरबाईनं पदर सारखा केला. तो मुळात सारखाच होता.

रेश्मानं चुलवणातली लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी मारलं आणि सोऱ्या उचलला. "चला. मीच घिऊन येते."

मनकर्णाच्या अंगणात वसंत ऋतू दुकानात मांडावा तसा मांडून ठेवला होता. एका कोपऱ्यात पाहुण्यांची पोरं करवंट्यांमध्ये मोगऱ्याची रोपं लावत होती. पडवीत आया लेकी मिळून कागदी फुलांची तोरणं ओवत होत्या. कैरीच्या पन्ह्याचे पेले फिरत होते. एरवी गाऊनवर धुणं धुणारी मनकर्णा आज नाकात नथ घालून नऊवारीत उभी होती. मधोमध बाज, आणि बाजेभोवती सावडीतल्या बाकीच्या तिघी बसल्या होत्या. त्यांत दिशाही होती. जिला रेश्मा सासरचं, माहेरचं, मनातलं सगळं सांगायची, ती दिशा.

दिशाच्या पुढ्यात चिकाचं पातेलं होतं. त्यातून वाफ निघत होती. ते बघून रेश्मानं मनाशी दिवस मोजले. चीक काही एका रात्रीत होत नाही. म्हणजे मनकर्णानंही गहू सोमवारीच भिजवले होते. केशरबाई रेश्मासोबत गहू पाखडायला बसली, त्याच दिवशी हे ठरलं होतं.

"सावड म्हणजे आमच्याकडची फार जुनी पद्धत," मनकर्णा सांगत होती. पाहुण्यांपुढं तिची भाषाही नथीसारखीच खास काढलेली होती. "एकीच्या घरी सगळ्या जातात. कोणाचं काम आम्ही अडू देत नाही."

रेश्माला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. केसानं गळा कापायचा तो कापायचा, आणि वर चारचौघांत मायेच्या गोष्टी सांगायच्या!

मनकर्णाचं तिच्याकडं लक्ष गेलं. तिचा चेहरा क्षणभरही पडला नाही. "आणि ही माझी धाकटी जाऊ. आलीस? आण तो सोऱ्या. बस, तूच दाबायला घे."

रेश्मानं सोऱ्या दिला नाही.

टोपी घातलेली एक पाहुणी मात्र लगबगीनं बाजूला सरकली. शेजारची जागा तिनं हातानं झटकून दिली. "या ना ताई, बसा इथं."

"न्हाई ताई, मला बसाया जमायचं न्हाई," रेश्मा म्हणाली. "माझ्या घरी आज सावड हाय."

"अय्या, तुमच्याकडे पण? किती छान!" पाहुणीनं मोबाईल तिच्याकडं वळवला. "कोण कोण येणार आहे?"

दिशाच्या हातातला चाटू थांबला. बाकीच्या दोघी बाजेवरच्या धोतराकडं बघत राहिल्या. रेश्माच्या मागोमाग आलेली केशरबाई कुंपणाशीच घुटमळली.

"ह्याच की समद्या," रेश्मा म्हणाली, आणि त्या उठायची वाट बघत उभी राहिली.